टपालपेटीची किल्ली कोणाच्या हाती?

१९८६ साली संसदेने टपाल कायद्यात दुरुस्ती करून नागरिकांची पत्रे अडविण्याचे व्यापक अधिकार सरकारला देऊ केले, तेव्हा देशभर निषेधाचा आवाज उठला आणि राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्या विधेयकावर सही केली नाही. सत्ताधाऱ्यांचा तो मोह अद्याप संपलेला नाही. २०२३ च्या टपाल कायद्यात अडवणुकीची तरतूद आहेच. परंतु सरकारच्या जोडीला आता दुसरा वाचक आला आहे. तो खातेदाराच्या संमतीने, खातेदाराच्याच ‘सोयी’साठी येतो आणि पत्रे एकेक नव्हे, गठ्ठ्याने उघडतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्या आता केवळ प्रश्नांना उत्तरे देणारी यंत्रे विकत नाहीत. माणसाच्या वतीने कामे उरकणारा ‘एजंट’ विकतात. (एजंटाला मराठी माणूस हस्तकही म्हणतो आणि दलालही; येथे दोन्ही अर्थ लागू पडतात.) हा एजंट ई-मेलसारख्या सेवांशी एकाच पद्धतीने जोडता यावा म्हणून अँथ्रोपिक या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये एक सामाईक नियमावली जाहीर केली व प्रतिस्पर्ध्यांनीही ती उचलली. त्यानुसार बनलेल्या साधनांचे काम सरळ आहे. एजंट आधी शोध घेतो, संवादांची यादी मिळवितो आणि मग पत्र, त्यावरील उत्तर, उत्तरावरील प्रत्युत्तर अशी पूर्ण माळ मजकुरासह मागवितो. जीमेलच्या व्यवस्थेत अशा शंभरपर्यंत मागण्या एका गठ्ठ्यात बांधता येतात.

यात बिघडले कोठे, असे या साधनांचे पुरस्कर्ते विचारतात. खातेदाराने परवानगी दिली आहे, आणि साहेबाचे टपाल चिटणीस पूर्वीपासून उघडतच आला आहे. युक्तिवाद बिनतोड वाटतो; पण पत्राला दोन टोके असतात आणि परवानगी एकाच टोकाची घेतलेली असते. एखाद्या कामगार संघटनेच्या कार्यालयाचाच विचार करावा. कामावरून काढलेल्या माणसाची कैफियत, मुकादमाच्या छळाबद्दल एखाद्या स्त्री कामगाराने विश्वासाने लिहिलेली तक्रार, आजारपणाचे दाखले, संपनिधीला गुपचूप पैसे देणाऱ्यांची नावे, हे सारे त्या एका खात्यात असते. थकबाकीच्या दाव्याचा गोषवारा हवा म्हणून कार्यवाहाने एजंटाला एकदा किल्ली दिली की त्या किल्लीने सगळे कप्पे उघडतात. त्या स्त्रीने पत्र कार्यवाहाला लिहिले होते. परदेशातील कंपनीच्या यंत्राला नव्हे. जुना चिटणीस एकेक पत्र उघडीत असे, वाचलेले विसरत असे, आणि प्रसंगी संघटनेचा सभासदही असे.

एन्रॉनचे नाव महाराष्ट्राला नवे नाही. दाभोळ प्रकल्पाविरुद्ध गुहागर तालुक्यातील गावकऱ्यांनी लाठ्या खाल्ल्या आहेत. डिसेंबर २००१ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीत गेली. अमेरिकेच्या पश्चिम भागातील वीजबाजारात झालेल्या लबाडीची चौकशी करणाऱ्या तेथील संघीय ऊर्जा नियामक आयोगाने २००३ साली तिचा पत्रव्यवहार जनतेपुढे खुला केला. लुटारूंची पत्रे चव्हाट्यावर आली याचे दुःख कोणी करू नये. तथापि, अभ्यासकांनी पुढे वापरलेल्या त्या साठ्यात सुमारे दीडशे अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या टपालपेट्यांतील सुमारे पाच लाख संदेश होते, आणि त्यांत घरच्या माणसांची, मित्रांची व हाताखालच्या नोकरवर्गाची पत्रेही होती. त्यांना कोणी विचारले नाही. त्याच पत्रांवर यंत्रांना टपालाची वर्गवारी शिकविण्यात आली. तेथे निदान एक सार्वजनिक आयोग होता आणि चौकशीचे कारण होते. आज ना आयोग लागतो, ना कारण.

खरा धोका कचेरीत आहे. तेथील ई-मेल खाते मालकाच्या ताब्यात असते आणि त्याचा व्यवस्थापक एका परवानगीने सर्व कर्मचाऱ्यांच्या पेट्या साधनाला जोडून देऊ शकतो. कोण कुरकुरतो, कोण संघटना बांधू पाहतो, कोणाचा कोणाशी पत्रव्यवहार वाढला आहे, हे कळण्यासाठी पूर्वी मालकांना खबरे पाळावे लागत. आता एक प्रश्न टंकित करणे पुरेसे आहे. कायदा कामगाराच्या बाजूने उभा राहील या भ्रमात कोणी राहू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे सातवे कलम नोकरीविषयक कारणांसाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी संमतीविना माहिती वापरण्यास वाव देते. नुकसान कशाला म्हणायचे, हे आधी मालकच ठरविणार! संपाची तयारी त्यात बसत नाही असे कोणता मालक म्हणेल?

शिवाय हा हस्तक भोळाही आहे. आलेल्या पत्रातील मजकूर आणि धन्याची आज्ञा यांतला फरक त्याला नेहमी कळत नाही. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोपायलटमधील असाच एक दोष संशोधकांनी उघड केला: बाहेरून आलेल्या एका ई-मेलमध्ये दडविलेल्या सूचनांमुळे आतली माहिती बाहेर जाऊ शकत होती, आणि त्यासाठी खातेदाराने काही दाबण्याचीही गरज नव्हती. कंपनीने तो दोष दुरुस्त केला. त्यामागचा मूळ प्रश्न मात्र सुटलेला नाही.

यंत्राला विरोध करणे हे समाजवाद्यांचे काम कधीच नव्हते. थकबाकीच्या दाव्यासाठी शेकडो पत्रे चाळणाऱ्या कार्यकर्त्याचे श्रम वाचत असतील तर ते वाचलेच पाहिजेत. पण किल्ली एका कामापुरती, ठरावीक पत्रांपुरती आणि ठरावीक मुदतीपुरती असावी. काम संपताच ती परत घेतली जावी. संघटनांनी आपल्या कार्यालयांत हा नियम आजच लागू करावा, तक्रारींची व वर्गणीदारांची पत्रे वेगळ्या खात्यात ठेवावी, आणि वेतनकराराच्या पुढच्या वाटाघाटींत महागाई भत्त्याच्या मागणीशेजारी आणखी एक कलम लिहावे: कर्मचाऱ्यांच्या टपालपेट्या कोणत्याही एजंटाला जोडण्यापूर्वी संघटनेची लेखी संमती घेतली जाईल.