फलकावर न येणारी मुलं

दहावीचा निकाल लागला की पुण्याच्या पेठांतल्या शाळांबाहेर फलक झळकतात, आणि पालक त्याच टक्केवारीवर शाळा तोलायला बसतात. सदाशिव पेठ परिसरात तरी हा हिशेब साफ चुकतो, कारण इथल्या शाळा एकसारख्या नाहीत.

पेरूगेटची भावे प्रशाला महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीची. टिळक रस्त्यावर डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं न्यू इंग्लिश स्कूल. चार पावलांवर १९६९ मध्ये सुरू झालेली ज्ञान प्रबोधिनी प्रशाला. तिथे प्रवेशपरीक्षेतून निवडलेली मुलं येतात, बोर्डही सीबीएसई. आणि बाजीराव रस्त्यावर सरस्वती मंदिर संस्थेची रात्रशाळा. दिवसभर दुकानात राबून संध्याकाळी वर्गात येणाऱ्या मुलाने गणितात पस्तीस मिळवले, तर त्यामागचे कष्ट पंच्याण्णव टक्क्यांच्या फोटोखाली झाकले जाऊ नयेत.

मुळात टक्केवारी निघते ती परीक्षेला बसलेल्यांची. न बसलेल्यांचं काय?

खरी चाळणी नववीत लागते. आठवीपर्यंत वर चढत आलेलं, पण भागाकार धड न येणारं मूल नववीत अडकतं. मग पालकांना बोलावून सांगितलं जातं, "याचा दाखला घ्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा." तो मुलगा खासगी विद्यार्थी होतो, त्याचा निकाल मंडळ वेगळा मोजतं आणि शाळेचे शंभर टक्के शाबूत राहतात. हे एखाद्या शाळेपुरतं नाही, राज्यभर चालतं. पण जी शाळा अशा मुलाला धरून ठेवते, शाळा सुटल्यावर थांबवून शिकवते, तिचा निकाल दोन टक्क्यांनी घसरतो आणि तीच पालकांच्या नजरेतून उतरते.

पेठेतली बरीच कुटुंबं कोथरूड, सिंहगड रस्त्याकडे गेली. अनुदानित मराठी शाळांत आता पट टिकवायची धडपड आहे, कारण शिक्षकांची पदं पटावरच मंजूर होतात. अशा वेळी फलकाची भीती घालून कच्ची मुलं बाहेर ढकलायला लावणं शाळेच्याही मुळावर येतं.

प्रवेश घेताना पालकांनी एवढंच विचारावं: पाचवीत आलेल्या मुलांपैकी याच शाळेतून दहावी पास झालेली किती? मधेच दाखला नेलेली किती, आणि का? जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक दाखल्याची नोंद असते. मुख्याध्यापकांनी ते उघडून हे आकडे काढावेत आणि यंदा फलकावर टक्केवारीच्या शेजारी लिहावेत.