कुलूप कोणाचे, किल्ली कोणाची?

सातपूरच्या कारखान्यात यंत्र बंद पडले तर कामगार आधी पाहतो, कोठे अडले? संगणकापुढे मात्र आपण सुशिक्षित मंडळी लगेच हात टेकतो. ही वृत्ती मला घातक वाटते.

माझ्या लॅपटॉपात सिमकार्डाचा अंगभूत मोडेम आहे. लिनक्सवर तो दिसे, सिमही ओळखी. पण रेडिओ सुरू होईना. "लिनक्सचे असेच!" असे सर्वांनी सांगितले. 'मोडेम मॅनेजर' या प्रोग्रॅमच्या नोंदी वाचल्या तेव्हा कारण उमगले. रेडिओलहरींच्या उत्सर्जनाबाबत अमेरिकेच्या एफसीसी या आयोगाचे नियम आहेत. त्यापायी काही निर्माते मोडेमला कुलूप घालूनच लॅपटॉप विकतात. विंडोजवर त्यांचाच प्रोग्रॅम ते गुपचूप उघडतो. मोडेम मॅनेजरही पूर्वी आपण होऊन उघडीत असे, १.१८.४ या आवृत्तीपासून तो निर्णय त्याने वापरणाऱ्यावर सोपवला. अनेक मोडेमांची किल्ली त्याच्यासोबतच येते. ती ठरलेल्या फोल्डरात जोडायची, सिम कंपनीचा एपीएन भरायचा, की झाले.

कोणी म्हणेल, कलाशाखेला हे कशाला? आपण शिलालेख वाचतो, कवितेचा अर्थ लावतो. मग यंत्राने स्वतः लिहून ठेवलेली नोंद वाचण्यास का भ्यावे? मुक्त प्रणालीत अडचणी येतातच, पण त्यांचे कारण शोधता येते. अमेरिकेच्या नियमाचे कुलूप सातपूरच्या टेबलावर का, हे विचारण्याचा हक्क तरी उरतो.

मित्रहो, गुरुजनहो, आपल्या संगणक कक्षात आठवड्यातून एक तास या अभ्यासासाठी राखून ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे.