खोक्यावरचे ४०,००० व्होल्ट

जुन्या गाडीचा छंद लागलेल्या माणसापुढे एक प्रसंग हमखास येतो. टाकी रंगवून झालेली असते, सीट नव्याने शिवलेली असते, क्रोम चकाकत असतं. पण गाडी चढाला दम टाकते आणि तापली की मिस मारते. मग कट्ट्यावरचं कुणीतरी ठामपणे सांगतं, ‘कॉइल बदल. रेसिंगची टाक, गाडी पळत सुटेल.’ चार दिवसांत लाल किंवा निळ्या प्लास्टिकची, खोक्यावर ‘४०,००० व्होल्ट’ असं ठसठशीत छापलेली कॉइल घरी येते. बुलेटला तीच, येझदीला तीच, आरएक्स १०० लाही तीच.

माझं भांडण या सल्ल्याशी आहे, सल्ला देणाऱ्यांशी नाही. त्यांचं म्हणणं मुळातून बघू. ते म्हणतात: मूळ कॉइल तीस-चाळीस वर्षांची, म्हणजे थकलेली. नव्या कॉइलला व्होल्ट दुप्पट, म्हणजे ठिणगी दुप्पट. ठिणगी जोरदार, म्हणजे पेट्रोल पूर्ण जळणार, पिकअप वाढणार, अॅव्हरेजही वाढणार. शिवाय परदेशातले लोक जुन्या होंडांवर हेच करतात. ऐकायला सगळं बिनतोड वाटतं.

आता व्होल्टचं बघा. अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींवर बॅटरी-कॉइलची जी पद्धत आणली, तीच थोड्याफार फरकाने पॉइंटवाल्या बुलेटमध्ये आणि येझदीत आहे. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे काहीशे वेढे (प्रायमरी) आणि केसासारख्या बारीक तारेचे त्याच्या शंभरेक पट वेढे (सेकंडरी). सीबी पॉइंट मिटलेले असतात तोवर जाड तारेतून करंट वाहतो आणि गाभ्यात चुंबकत्व साठतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, चुंबकत्व कोसळतं आणि बारीक तारेत हजारो व्होल्ट उभे राहतात. पण किती हजार, हे कॉइल ठरवत नाही. ते प्लगची गॅप, सिलिंडरमधला दाब आणि मिश्रण ठरवतात. व्होल्टेज चढत जातं आणि गॅप ओलांडण्यापुरतं झालं की ठिणगी पडते. त्याच क्षणी व्होल्टेज खाली येतं. ०.६ मिलिमीटर गॅपच्या प्लगला, जेमतेम सातच्या आतबाहेर कॉम्प्रेशन असलेल्या जुन्या इंजिनात, दहा-बारा हजार व्होल्टमध्ये काम भागत असेल तर ४०,००० ची कॉइलही तिथेच थांबते. पंधरा हातांच्या विहिरीला शंभर हात दोर नेला म्हणून पाणी जास्त येत नाही.

यावर तयार उत्तर असतं: मग गॅप वाढवा, म्हणजे जादा व्होल्ट कामाला येतील. येतील, पण कुठे? वाढलेलं व्होल्टेज आधी सर्वांत कमकुवत जागा शोधतं. तडकलेली प्लग कॅप, कडक झालेली हाय टेन्शन वायर, कॉइलच्या तोंडाशी साचलेली ओलसर धूळ. आषाढातल्या रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून बघा: वायरीवरून सिलिंडरच्या फिन्सवर उड्या मारणारी निळसर रेघ दिसते. ती ठिणगी सिलिंडरच्या आत पडायला हवी होती.

मिश्रण पेटायचं असतं किंवा नसतं. योग्य वेळी, योग्य जागी पडलेल्या ठिणगीने ते एकदा पेटलं की पुढची ज्योत स्वतःच्या चालीने पसरते. दुप्पट जोराच्या ठिणगीने पेट्रोल दुप्पट जळत नाही. ज्या गाडीत मुळात मिस नाही, तिच्यात नव्या कॉइलला सुधारायला काही शिल्लकच नसतं.

खरं नुकसान मात्र ओहममध्ये आहे, आणि त्याबद्दल खोक्यावर सहसा चकार शब्द नसतो. पॉइंटवाल्या १२ व्होल्टच्या कॉइलचा प्रायमरी रोध साधारण ३ ते ४ ओहम असतो. १२ भागिले ४, म्हणजे ३ अँपिअर. एवढं पॉइंट निमूट सोसतात. ‘रेसिंग’ कॉइल २ ओहमची निघाली तर ६ अँपिअर वाहतात. पॉइंटच्या टोकांवर काळपट खड्डे पडतात, गॅप सरकते, गॅपबरोबर टायमिंग सरकतं, आणि महिन्याभरात गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालते. मग दोष पॉइंटच्या क्वालिटीला. जुन्या ६ व्होल्टच्या जावाची अवस्था आणखी नाजूक. तिच्या डायनॅमोची कुवत ४५ वॉट, म्हणजे साडेसात अँपिअर. पॉइंट मिटलेले असताना पाऊण ओहमची कॉइल एकटीच तेवढे गिळायला बघते. हेडलाइट आणि बॅटरीने काय करावं?

आरएक्स १०० वर तर हा सल्ला मुळातच चुकीच्या दारात उभा आहे. १९८५ साली आलेल्या या गाडीत पॉइंट नाहीत, सीडीआय आहे. तिथे ऊर्जा कॉइलच्या चुंबकत्वात साठत नाही. युनिटमधल्या कपॅसिटरमध्ये दोनशे-तीनशे व्होल्टला साठते आणि एका फटक्यात कॉइलमध्ये ओतली जाते. कॉइलचं काम फक्त व्होल्टेज चढवण्याचं, म्हणून तिचा प्रायमरी रोध अगदी कमी, बहुधा एका ओहमच्याही आत. पॉइंटची कॉइल सीडीआयला लावली तर ठिणगी मंदावते. सीडीआयची अर्ध्या ओहमची कॉइल १२ व्होल्टच्या बुलेटला लावली तर हिशेब २४ अँपिअरचा होतो आणि पॉइंट किंवा वायरिंग यांपैकी एक जळतं. आरएक्सची ठिणगी खरंच कमजोर असेल तर मॅग्नेटच्या प्लेटवरच्या कॉइलकडे आधी बघावं. तिथे उष्णता, तेल आणि हादरे तिन्ही आहेत.

राहिलं परदेशातलं उदाहरण. ते खोटं नाही. १९६९ मध्ये आलेल्या होंडा सीबी ७५० वर कॉइल बदलणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, कारण तिथे गणितच वेगळं आहे. चार सिलिंडर, दोन कॉइल, प्रत्येक कॉइल क्रँकच्या दर फेऱ्याला ठिणगी देते. ८,००० आरपीएमला एक फेरा साडेसात मिलिसेकंदांचा. त्यात पॉइंट मिटलेले राहतात जेमतेम चार. एवढ्यात कॉइल पुरती भरत नाही, म्हणून लवकर भरणारी कॉइल तिथे उपयोगी पडते. त्यात मूळ कॉइलच्या वायरी अंगातच ओतलेल्या. वायर कडक झाली तरी सुटी बदलता येत नाही. आता आपली ३५० बुलेट घ्या. एक सिलिंडर, पॉइंटचा कॅम इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरणारा. ४,५०० आरपीएमला दोन ठिणग्यांमध्ये जवळजवळ २७ मिलिसेकंद मिळतात. कॉइल भरून वर विश्रांतीही घेते. होंडाचं औषध बुलेटला देण्याआधी बुलेटला तो आजार आहे का, हे कुणी विचारत नाही.

‘पण माझी गाडी सुधारली ना!’ सुधारली असेल. पण त्या दिवशी गॅरेजमध्ये काय काय झालं ते आठवा. कॉइलबरोबर नवी हाय टेन्शन वायर आली, नवी प्लग कॅप आली, नवा प्लग बसला. हिरवट झालेले थिंबल कापून नवे दाबले गेले, कॉइलच्या नटबोल्टखालचा गंज खरवडला गेला, हात लागलाच आहे म्हणून मिस्त्रीने पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवून फीलर गेज घातली. गुण यातल्या कुणाचाही असू शकतो. श्रेय मिळालं सर्वांत महाग वस्तूला. याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात.

तसाच निळ्या ठिणगीचा पुरावा. प्लग काढून हेडला टेकवायचा, किक मारायची आणि ‘बघ कशी निळी पडतेय’ म्हणायचं. उघड्या हवेत ०.६ मिलिमीटर ओलांडायला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. कॉम्प्रेशनमध्ये त्याच्या कितीतरी पट लागतात. आजारी कॉइलही या परीक्षेत पास होते. जुने मिस्त्री वायरीचं टोक रबरी मुठीच्या पकडीने हेडपासून पाव इंच दूर धरत आणि ठिणगी तेवढी उडी मारते का ते बघत. ती परीक्षा खरी. फक्त सीडीआयच्या गाडीवर तिच्या वाटेला जाऊ नये, युनिट जाण्याची भीती असते. आणि पॉइंटच्या गाडीवरही प्लगचं भोक बंद करून, पेट्रोलपासून लांब.

मग करायचं काय? माझ्या मते जुन्या गाडीची ठिणगी सुधारण्याचा पहिला खर्च कॉइलवर नको, कॉइलपर्यंत पोचणाऱ्या व्होल्टेजवर हवा. बुलेटमध्ये करंटची वाट पाहा: बॅटरी, फ्यूज, हेडलाइटच्या डोक्यावरचा अँपिअर मीटर, चावीचा स्विच, मग कॉइल. या प्रत्येक सांध्यावर चाळीस पावसाळ्यांचा गंज थोडं थोडं व्होल्टेज खातो. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे मार दुहेरी बसतो. १२ व्होल्टऐवजी कॉइलला १०.८ मिळाले तर तूट दहा टक्क्यांची, पण ऊर्जा १९ टक्क्यांनी घटते. ६ व्होल्टच्या येझदीत वाटेत एक व्होल्ट हरवला तर ठिणगीची जवळपास ३० टक्के ऊर्जा गेली. ही तूट भरून काढायला लोक हजारो रुपयांची कॉइल आणतात, आणि नवी कॉइल जास्त करंट ओढत असली तर त्याच गंजक्या सांध्यांवर आणखी व्होल्टेज सांडतं.

मोजायला साधा मल्टिमीटर पुरतो. पॉइंट मिटलेले आहेत अशा जागी इंजिन आणा, चावी चालू करा, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या धन टोकाला, दुसरं कॉइलला जिथून सप्लाय येतो त्या टोकाला. मीटर दाखवतो ती वाटेतली गळती. पाव व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. अर्ध्याच्या वर गेली तर स्विच आणि थिंबल साफ करा, किंवा जाड वायरीने रिलेमार्फत कॉइलला थेट सप्लाय द्या. हे झटपट उरका. मिटलेल्या पॉइंटवर चावी फार वेळ चालू राहिली तर कॉइल उगाच तापते. असंच माप अर्थच्या बाजूनेही घ्यावं. इंजिन आणि फ्रेम यांच्यामध्ये पावडर कोटिंगचा जाड थर बसवून घेतलेल्या देखण्या गाड्यांत तर आधी तिथेच बघावं.

एक बारीक गोष्ट सर्रास सुटते. प्लगच्या मधल्या, तापलेल्या टोकाला ऋण व्होल्टेज मिळालं तर ठिणगी कमी व्होल्टमध्ये पडते. उलटं झालं तर बरेच जास्त व्होल्ट लागतात. लुकासच्या जुन्या कॉइलवर ‘एसडब्ल्यू’ आणि ‘सीबी’ अशी टोकं असत, नव्यांवर अधिक-उणे असतं. पूर्वीच्या धन अर्थच्या गाड्या कुणीतरी ऋण अर्थवर आणतो आणि कॉइलच्या वायरी तशाच ठेवतो. गाडी चालते, म्हणून कुणाला संशय येत नाही. दोन वायरी अदलाबदल करायला पैसा लागत नाही.

कॉइल कधीच बदलू नये असं मात्र मी म्हणत नाही. ती खरोखर मरते. वीस-पंचवीस किलोमीटरनंतर गाडी बंद पडते, निवली की चालू होते, पुन्हा तेवढ्याच अंतरावर बंद: आतलं इन्शुलेशन उष्णतेत हार मानतंय याची ही खूण असू शकते. पण हेच सोंग पॉइंटला जोडलेला कंडेन्सरही हुबेहूब आणतो आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून आधी तो बदलावा. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी लक्षण असंच. झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ असा आवाज येऊन गाडी चालू झाली तर इग्निशनला हातच लावू नका. एवढं करूनही दोष राहिला, किंवा कॉइलच्या अंगाला तडा दिसला, तेल पाझरलं, मीटरवर सेकंडरी तुटलेली निघाली, तर बेलाशक नवी घ्या. गाडी ६ व्होल्टवरून १२ वर आणताना तर ती बदलायलाच हवी, नाहीतर जुनीतून दुप्पट करंट जाईल. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक युनिट बसवणार असाल तर त्या युनिटच्या कागदावर लिहिलेल्या ओहमचीच घ्या. तिथे कमी ओहमची कॉइल हे खरोखरचं अपग्रेड ठरतं, कारण जळायला पॉइंटच नसतात.

दुकानात जाताना मीटर खिशात ठेवा. आधी त्याची दोन टोकं एकमेकांना लावून वायरींचाच रोध किती दिसतो ते बघा. स्वस्त मीटर ०.३ ओहम तरी दाखवतो, आणि ३ ओहमच्या मापात तेवढा फरक मोठा असतो. तो वजा करून कॉइलची प्रायमरी मोजा. आकडा तुमच्या पॉइंटला किंवा युनिटला झेपणारा असेल तर पैसे द्या. दुकानदार मीटर लावू देत नसेल तर शेजारचं दुकान बघा.