आवाज कोणी बंद करावयाचा?

२०२५ च्या एप्रिलमध्ये महिलांच्या ग्रां प्री बुद्धिबळ स्पर्धेचा पट आपल्या पुण्यात मांडला गेला. कोनेरू हंपी पहिली आली. नागपूरची दिव्या देशमुख तिसरी. पुढे तीनच महिन्यांनी जॉर्जियातील बातुमी येथे विश्वचषकाच्या अंतिम लढतीत याच मुलीने हंपीला नमवून ग्रँडमास्टर ही पदवी मिळविली, आणि महाराष्ट्राची छाती अभिमानाने फुगली. ते योग्यच झाले. परंतु २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधील टाटा स्टील स्पर्धा आटोपल्यावर ती काय म्हणाली होती, हे त्या वेळी किती जणांच्या स्मरणात होते? आपण काही चांगले डाव खेळलो, पण पाहणाऱ्यांचे लक्ष डावांकडे नव्हतेच; ते होते आपल्या कपड्यांकडे, केसांकडे आणि उच्चारांकडे, असे तिने जाहीरपणे लिहिले. तेव्हा ती अठरा वर्षांची होती.

ज्या खेळात पटावरील मोहऱ्यांनीच काय ते बोलावयाचे, त्या खेळाची ही तऱ्हा! मग जेथे अनोळखी साथीदारांशी अखंड बोलल्यावाचून डावच चालत नाही, त्या मोबाईलवरील खेळांत काय घडत असेल? 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या खेळात चौघांचा संघ बेटावर उतरतो. शत्रू कोठे दडला आहे, हे साथीदारांना तत्काळ सांगावेच लागते. तो सांगणारा आवाज मुलीचा आहे असे उमगताच खेळ बाजूला राहतो. आधी लगट, मग छायाचित्राची मागणी, नकार मिळताच शिव्या, आणि शेवटी ज्या धमक्या आम्ही येथे छापू शकत नाही त्या. म्हणून कित्येक मुली पुरुषी नाव धारण करतात आणि माईक बंद ठेवून खेळतात. मुक्याने खेळणारा गडी हरणारच; आणि तो हरला की 'मुलींना कोठे खेळता येते?' असे विचारावयास तीच मंडळी पुढे सरसावतात. घरी सांगावे, तर तिचाच मोबाईल काढून घेतला जातो. अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला, असा हा न्याय आहे.

हे बोलणारे कोण? ते गल्लीच्या कोपऱ्यावरचे गुंड असते तर प्रश्न सोपा होता. ते सदाशिव पेठेत जुन्या वाड्याच्या जागी उठलेल्या इमारतीत असतील, वाकडच्या बाराव्या मजल्यावरही असतील. कानांना हेडफोन लावून बसलेल्या चिरंजिवांपाशी मातोश्री दुधाचा पेला ठेवून निमूटपणे निघून जातात; परीक्षा संपली आहे, खेळतो आहे बिचारा! १८४८ साली भिडेवाड्यात शाळा निघाली, तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकणारे निदान उघड्या रस्त्यावर उभे होते. ती काही त्यांची थोरवी नव्हे. पण त्यांना ओळखता तरी येत होते. आमचे हे लिहिणे कोणास झोंबले तर झोंबो.

शब्दच ते, त्यांनी काय होते, असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतील २०१४ ची हकीकत ध्यानी घ्यावी. व्हिडिओ खेळांतील स्त्रीचित्रणावर टीका करणाऱ्या अनिता सार्कीसियन यांचे युटा स्टेट विद्यापीठातील व्याख्यान, सभेत गोळीबार करण्याची धमकी आल्यामुळे रद्द झाले.

कायदा नाही असे नव्हे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात स्त्रीचा पाठलाग हा गुन्हा आहे, आणि इंटरनेटवरील पाठलागही त्यात येतो. ७९ व्या कलमान्वये, विनयभंगाच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अडचण आहे ती पुराव्याची. लिहिलेली शिवी उरते. बोललेली हवेत विरते. पण हीही अडचण असाध्य नव्हे. 'व्हॅलोरंट' या खेळाच्या कंपनीने २०२१ मध्ये, तक्रारींच्या तपासासाठी आवाजाचे ध्वनिमुद्रण करण्याची तरतूद आपल्या नियमांत केली. एकीला जे सुचते ते इतरांना सुचू नये काय?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने ई-क्रीडांना मान्यता दिली, पण त्याचा खरा भर पैशाच्या खेळांवर आहे. हरवलेल्या पैशाची चिंता सरकारला वाटली. ती वाजवीच होती. आता क्रीडा म्हणावयाचे, तर पंचही हवा. कबड्डीच्या मैदानावर गैरवर्तन करणाऱ्या गड्याला पंच कार्ड दाखवून बाहेर बसवितो. त्याबद्दल कोणी व्याख्यान झोडीत नाही. आमच्या महाविद्यालयांच्या उत्सवांत या खेळांचे सामने भरतात. त्यांच्या नियमपत्रकात एक ओळ वाढवावी: सहखेळाडू मुलीस अपशब्द बोलणारा गडी त्या क्षणी बाद, आणि त्याचा संघही बाद. तक्रार घेऊन आलेल्या मुलीला पोलीस ठाण्यात 'तू ते खेळतेसच कशाला?' असे विचारले जाऊ नये. आणि दुधाचा पेला ठेवून परतण्यापूर्वी आईवडिलांनी एकदा तो हेडफोन चिरंजिवांच्या कानावरून काढून आपल्या कानाला लावून पाहावा. दहा मिनिटे पुरेत.