अंगठ्याचा ठणका
गाऊटचा झटका बहुधा रात्री येतो. पायाच्या अंगठ्याचा सांधा लालबुंद सुजतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. रक्तातले युरिक ॲसिड दर डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमपलीकडे गेले की त्याचे स्फटिक सांध्यात साचू लागतात. बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातून सकाळची लोकल गाठणाऱ्याला अशा वेळी स्टेशनचा जिना चढवत नाही. पाय उशीवर उंच ठेवावा, बर्फाने शेकावे. डॉक्टरांनी दिलेले कोल्चिसिन जितके लवकर तितके बरे. मूत्रपिंड अधू असल्यास वेदनाशामक गोळ्या मनाने घेणे धोक्याचेच. ठणका थांबला म्हणजे आजार गेला नव्हे: वारंवार झटके येत असतील तर ॲलोप्युरिनॉलसारखे औषध वर्षानुवर्षे घेऊन युरिक ॲसिड ६च्या खाली ठेवावे लागते. बियर, कलेजी, सुकट, गोड शीतपेये आवरावीत. वजन सावकाश उतरवावे, कारण कडक उपासानेही झटका उठतो. डाळी मात्र उगाच तोडू नयेत.