दोन ‘दहा’ सारखे नसतात

एसटीएम-६४ची लीज्ड लाइन आणि इथरनेटची लाइन, दोन्ही ‘१० जीबीपीएस’ म्हणून शेजारी मांडलेला आणखी एक दरप्रस्ताव या आठवड्यात वाचनात आला. तुलना फक्त भाड्याची. गोल आकड्यांबद्दल या स्तंभात पूर्वीही लिहिले आहे. पण गोल आकडा ग्राहकाला कुठे फसवतो, हे इतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

एसटीएम-६४ ज्या एसडीएच पद्धतीतला आहे, तिचा वेग फ्रेमच्या मापातून येतो. ९ ओळी, २७० स्तंभ, प्रत्येक घरात एक बाइट आणि अशा ८,००० फ्रेम सेकंदाला; म्हणून एसटीएम-१ नेमका १५५.५२ एमबीपीएस आणि त्याच्या ६४ पट, म्हणजे एसटीएम-६४, ९.९५३२८ जीबीपीएस. पण दर २७० स्तंभांतले १० देखरेख आणि भरणीत, म्हणजे ओव्हरहेडमध्ये जातात. ग्राहकाच्या माहितीसाठी, म्हणजे पेलोडसाठी, ९.५८४६४ जीबीपीएस उरतात. इथरनेटचे गणित उलटे आहे. त्याच्या तारेवर १०.३१२५ जीबीपीएस धावतात आणि कोडिंगचा भार वजा करून मग १० सांगितले जातात. एक पोत्यासकट वजन सांगतो, दुसरा पोते वगळून. २००२च्या ८०२.३एई मानकात इथरनेट एसटीएम-६४च्या वेगात बसवण्याची स्वतंत्र सोय करावी लागली. तिथे इथरनेटचा वेग सुमारे ९.२९ जीबीपीएसवर येतो. दोन्ही ‘दहा’ एकच असते, तर या सोयीची गरजच पडली नसती.

फरक जेमतेम चार टक्क्यांचा आहे, असे कोणी म्हणेल. पण १० आणि ९.५८४६४ यांतले अंतर ४१५ एमबीपीएस, म्हणजे अडीचहून अधिक एसटीएम-१ इतके आहे. ओव्हरहेड वाया जात नाही, हा आक्षेप मात्र रास्त आहे: चुका मोजणारे पॅरिटी बाइट आणि बिघाड झाल्यास राखीव मार्गावर वळवण्याचा संदेश नेणारे के-१, के-२ बाइट त्यातच असतात. ती सेवा मोलाची आहे, म्हणूनच ती वेगळी दाखवायला हवी. तंत्रज्ञान जुने झाले म्हणून हिशेब सोडावा, हेही पटत नाही. एसडीएचनंतर आलेल्या ओटीएन या ऑप्टिकल पद्धतीतला ओटीयू-२ वेगही ९.९५३२८ला २५५/२३७ने गुणूनच येतो.

तेव्हा दरप्रस्ताव मागवताना लाइनचा वेग आणि पेलोड असे दोन स्वतंत्र रकाने मागा, आणि भाड्याची तुलना पेलोडवरच करा.