मॅडरपोर्टची गाडी
घरात मांडलेली छोटी रेल्वे म्हणजे निव्वळ हुबेहूबपणाचा खेळ, हे मत आम्हांस मान्य नाही. इंग्लंडमधील जॉन अहर्न यांनी १९३०च्या दशकात घरी उभारायला घेतलेली ‘मॅडर व्हॅली’ आज पेंडन संग्रहालयात आहे. तिचे मॅडरपोर्ट हे गाव नकाशावर नाही. घरे मात्र ठिकठिकाणच्या खऱ्या इमारतींवरून बेतलेली. १:७६ या प्रमाणात एका किलोमीटरलाही सुमारे १३ मीटर लागतात. तेव्हा अंतर गाळावेच लागते. तरीही गाव खरे वाटते, कारण तिथे गाडी येते, डबे तोडले-जोडले जातात, पुढची गाडी सुटते. आपल्या पुष्कळ ग्रामीण कादंबऱ्यांत तपशील मुबलक असतात, गावाचा रोजचा व्यवहार मात्र थांबलेला असतो. वास्तववाद शिकवताना हा फरक विद्यार्थ्यांपुढे ठेवायला हवा, असे आम्हांस वाटते.